चाचांच्या नावानं

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला बाकी सगळं सांगतो — दुकानात कोण काय बोललं, कुणाशी वाजलं, एकदा देवळाबाहेरून चप्पल चोरीला गेली म्हणून मी दुसऱ्याची घालून आलो, तेसुद्धा. पण हे नाही. आणि मी काही घुमा माणूस नाही. परळीत जुनी माणसं मला चेहऱ्यापेक्षा आवाजावरून जास्त ओळखतात. त्या आवाजाचं मला फार कौतुक होतं. त्यातूनच हे झालं — पण थांबा, आधी फुटबॉलचं सांगतो, नाहीतर तुम्हाला काहीच कळायचं नाही.

परळीत फुटबॉल? हसा खुशाल. बीड जिल्हा म्हटलं की लोकांना कुस्ती आठवते, कबड्डी आठवते. पण आमच्याकडून हैदराबादेकडं गाडी जाते, आणि त्या रेल्वेबरोबर आमच्याकडं हमीदचाचा आले. रेल्वेत फिटर होते, तरुणपणी सिकंदराबादला खेळलेले. बदली होऊन इथं आले ते इथलेच झाले. स्टेशनामागच्या मोकळ्या जागेवरची काटेरी चिलारं त्यांनी पोरांकडून तोडून घेतली, दोन्ही बाजूंना बांबू रोवले आणि खेळ सुरू केला. क्लबला रीतसर नाव होतं, पण गावात सगळे ‘आपला क्लब’च म्हणायचे. मी कधी खेळलो नाही. मैदानाला एक फेरी मारली की मला धाप लागायची. आमचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान, बसून खाणारी जात आमची! मी माईकवर असायचो.

महाशिवरात्रीची जत्रा उलगली, म्हणजे संपली, की आमच्याकडं सामने भरायचे. लातूर, नांदेड, परभणीचे संघ यायचे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर टेबल, टेबलावर माईक, खांबाला बांधलेले दोन कर्णे आणि मी. खेळाचं वर्णन करायचं आणि मधेमधे इनामं पुकारायची. या दुकानदाराकडून गोल करणाऱ्याला इनाम, त्या पुढाऱ्याकडून गोलकीपरला टॉवेल-टोपी. यात एक रीत होती. कुणी शिकवली नव्हती, पण सगळे पाळायचे. माईकवरून ज्याचं नाव पुकारलं त्यानं उठायचं. आणि ज्याच्या नावानं काही जाहीर झालं, त्यानं चारचौघांत ‘मी असं म्हणालो नाही’ म्हणायचं नाही. एकदा मी नावात घोळ करून भलत्याच शेठच्या नावावर कप पुकारला होता, तर त्या बिचाऱ्यानं मुकाट्यानं तो दिला. आम्ही पोट धरून हसलो होतो तेव्हा.

संतोष आला तेव्हा सतरा वर्षांचा होता. त्याचे वडील थर्मलमध्ये, म्हणजे आमच्या वीजकेंद्रात, ठेकेदाराच्या हाताखाली राखेच्या कामावर होते. पोरगं काटकुळं, बोलायला लाजाळू. वर्षभर नुसतं मैदानाबाहेर बसून असायचं. एका सामन्याला आमचा पुढच्या फळीतला खेळाडू सिरसाळ्याला लग्नात अडकला — वऱ्हाड वेळेवर निघेल या भरवशावर राहिला होता, आता काय बोलायचं! चाचांनी संतोषला आत पाठवलं. मी माईकवर त्याचं नाव सांगताना बाजूच्याला विचारून सांगितलं, इतका तो अनोळखी. आणि मग त्यानं मधल्या रेषेपाशी चेंडू घेतला. एक गेला, दुसरा गेला, तिसरा तर स्वतःच्याच पायात अडकून बसला. गोल! क्षणभर मैदान गप्प होतं. मीसुद्धा. माईक हातात असून मी गप्प बसलो, असं आयुष्यात तेवढं एकदाच झालं.

मग गावाला वेडच लागलं म्हणा. त्या सुमारास केबल नुकती घरोघर आली होती, परदेशातले सामने लोक बघायला लागले होते, आणि पानटपरीवरची माणसं ऑफसाइडवरून हमरीतुमरीवर यायची. त्यात आता आपला स्वतःचा, घरचा खेळाडू! न्हाव्याकडं पोरं ‘संतोषसारखे काप’ म्हणून बसायची — त्याचे केस त्याची आई घरीच कापायची, ते वाकडेतिकडे असायचे, तर ही पोरं पैसे देऊन वाकडे कापून घ्यायची. हॉटेलवाला त्याच्यासाठी रोज दूध राखून ठेवायचा. रेल्वे क्वार्टरच्या गच्चीवर बायका बसायला लागल्या. मी भरदुपारी दुकानाचं शटर ओढायचो आणि वडील मागून शिव्या घालायचे. खरं सांगू? इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. हेही बायकोला सांगू नका.

त्याला ‘बिजली’ हे नाव मी दिलं. साऱ्या महाराष्ट्राला वीज पुरवणारं आमचं गाव आणि आमच्याच घरात रोज अंधार, तर म्हटलं, एक तरी बिजली आपल्या हक्काची असू द्या. लोकांनी ते उचलून धरलं. मी कर्ण्यातून ‘बि-ज-ली’ असं लांबवून म्हणायचो आणि चहूबाजूंनी जी आरोळी उठायची — ती अंगावर यायची हो. खेळत तो होता, पण आरोळी माझ्या तोंडातून निघालेल्या शब्दावर उठायची. मला त्याची चटक लागली. हे मी तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केलं नसतं.

त्या वर्षी संतोषला पुण्याला जायचं होतं. राज्याच्या ज्युनियर संघाची निवड होती, आणि चाचांनी आपल्या जुन्या ओळखीतून त्याचं नाव आत घातलं होतं. निवड झाली तर होस्टेल, कॉलेज, पुढं खेळाडूंच्या राखीव जागेवर नोकरी. नाही झाली तर वडिलांच्या जोडीनं राख. त्याच्यापुढं तिसरी वाट नव्हती, आणि हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं — हे लक्षात ठेवा.

उपांत्य सामन्यात त्याचा गुडघा मुरगळला. संध्याकाळी चाचा दुकानात आले. आमच्या दुकानाची पायरी ते एरवी चढत नसत, भांडी घेण्याशिवाय काय काम? उभ्या-उभ्याच बोलले.

“आप्पा, पोराचा गुडगा लई सुजलाय. उद्या मी त्याला खेळवत न्हाई. कप काय, दर साली हाय. तू फकस्त एक कर. माईकवर त्याचं नाव घिऊ नको. नाव निघालं की लोक बसू देनार न्हाईत आन् ते पोरगं बी बसनार न्हाई.”

मी म्हटलं, घेत नाही चाचा. वैजनाथाची शपथ घेतली. कुणी मागितली नव्हती, मीच घेतली.

दुसऱ्या दिवशी अंतिम सामना. समोर नांदेडचा संघ. संतोषला चाचांनी लांबच्या भिंतीपाशी, घरच्या कपड्यांत, बायाबापड्यांच्या घोळक्यात बसवलं होतं. पोरं त्याला शोधत होती आणि मी इमानदारीत गप्प होतो. मध्यंतरापर्यंत आमच्यावर एक गोल झाला. पण मला गोलाचं वाईट वाटलं नाही. मला वाईट वाटलं ते त्या शांततेचं. मी एवढा घसा ताणत होतो आणि लोक शेंगा खात होते. काही तर उठून चालायला लागले होते. मी आमच्या गोलकीपरच्या कौतुकाची चार वाक्यं बोललो, त्यावर एक कुत्रं भुंकलं. लोक हसले. माझ्यावर हसले, असं मला वाटलं.

आता सांगतो. इतका वेळ इकडंतिकडं फिरलो, आता सांगतो.

मी माईक तोंडाजवळ घेतला आणि म्हणालो, “आपली बिजली मैदानातच आहे! आणि हमीदचाचांनी परवानगी दिलेली आहे — दुसऱ्या डावात संतोष खेळणार!”

चाचांना मी काही विचारलं नव्हतं. ते त्या वेळी पलीकडच्या गोलापाशी पोरांना पाणी देत होते. नुसतं संतोषचं नाव घेतलं असतं, तर तो कदाचित चाचांकडं बघून बसून राहिला असता. चाचांचा शब्द त्याला बापाच्या शब्दापेक्षा मोठा होता. हे मला माहीत होतं म्हणूनच मी चाचांचं नाव घातलं. तोंडातून निसटलं असं म्हणायची सोय मला नाही. मी आधी विचार केला, मग बोललो.

आरोळी उठली. काय उठली म्हणून सांगू! लोकांनी त्याला खांद्यावर उचलून आत आणलं, एकानं स्वतःचा शर्ट काढून दिला, एकानं बूट. चाचा हात हलवत धावत आले. ते ‘नको, नको’ म्हणत होते. लोकांना वाटलं चाचा उत्साहानं हात हलवतायत, त्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या. त्यांचा आवाज कुणाला ऐकू गेला नाही, कारण कर्णे चालू होते आणि मी बोलत होतो. मी थांबलो असतो तर ऐकू गेला असता. संतोषनं चाचांकडं पाहिलं, हात हलताना पाहिले, आणि हसून मान डोलावली. चाचा मग मधेच उभे राहिले. त्यांच्याच नावानं पुकारलेली गोष्ट भर मैदानात खोटी कशी पाडायची? त्यांनी एकदा ट्रॉलीकडं बघितलं. शिट्टी वाजली.

त्यानं गोल केला. एका पायावर भार देऊन केला, पण केला. आणि सामना संपायला आला असताना तो वळायला गेला आणि बसला. जवळपास कुणी नव्हतं, कुणाचा धक्का नाही, काही नाही. त्याला उचलून बाहेर नेत होते तेव्हाच आमच्या दुसऱ्या पोरानं गोल मारला, आम्ही जिंकलो. आणि तो गोल मी तितक्याच जोरात पुकारला.

अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी खेळ बंद म्हणून सांगितलं. पुणं राहिलं. गाव चार दिवस हळहळलं आणि मग दोष कुणाचा ते शोधायला लागलं. परवानगी कुणी दिली होती? ती तर सगळ्यांनी कर्ण्यातून ऐकलेली. कपासाठी म्हाताऱ्यानं पोरगं मारलं, असं लोक चहाच्या टपरीवर बोलायला लागले. काहींनी त्यात चाचांचा धर्मही काढला. त्या टपरीवर मीही बसलो होतो. चहा संपवून उठलो.

चाचा पुन्हा दुकानात आले. या वेळी त्यांचा आवाज वेगळा होता.

“आप्पा, मी कवा म्हनलो बे तसं?”

इथं मला खरं बोलायची संधी होती. समोर दुसरं कुणी नव्हतं. शिव्या खाल्ल्या असत्या, फार तर एक थोबाडीत. मी काय म्हणालो ते सांगतो. मी म्हणालो, “संतोषच आलता चाचा टेबलापशी. म्हनला, चाचांच्या नावानं पुकारा, मी मागून समजावतो त्यान्ला.”

चाचांनी पातेल्यांच्या चळतीवर हात ठेवला. मग म्हणाले, “मंग हे कुनाला बोलू नको. लेकरू हाय. लोक म्हनतील खोटं बोलून खेळलं. माझ्यावरच राहू दे.”

आणि त्यांनी ते स्वतःवर ठेवलं. कुणी तोंडावर बोललं तरी उत्तर दिलं नाही. संतोषला वाटलं, चाचांनी कपासाठी आपला पाय वापरला. चाचांना वाटलं, पोरानं आपल्या नावाचा खोटा वापर केला, पण पोरगं आहे. दोघं एकाच गावात राहिले. संतोष त्यांना बघून गल्ली बदलायचा. चाचांनी क्लब सोडला, पुढं क्लबही मोडला. त्या दोघांच्यामध्ये जे होतं ते मी ठेवलेलं होतं, आणि मी रोज दुकान उघडून बसत होतो. मला झोप लागायची. लागायची नाही असं सांगितलं तर बरं दिसेल, पण लागायची.

चाचा वारले तेव्हा संतोष मयतीला आला, पण रस्त्याच्या पलीकडं उभा राहिला. खांदा द्यायला पुढं झाला नाही. मी झालो. लोक म्हणाले, आप्पानं जुनी ओळख ठेवली.

गेल्या उन्हाळ्यात संतोष माझ्या दुकानात आला. पाय ओढत चालतो. बायपासला त्याचं पंक्चरचं दुकान आहे. मुलीचं लग्न ठरलं म्हणून भांडी घ्यायला आला होता. भांडी निवडून झाली, मी मशीननं त्यांच्यावर मुलीचं नाव टाकायला बसलो. तो स्टुलावर बसला होता. मधेच म्हणाला, “आप्पा, एक इचारू? आदल्या दिशी चाचा सोता मला म्हनले होते, खेळू नको. मंग माईकवर हो कावून म्हनले? कप लई मोठा होता का त्यान्ला?”

पुढचं ताट माझ्या हातात होतं. तो माझ्याकडं बघत होता, रागानं नाही, नुसतं विचारत होता.

मी मशीन चालू केलं. त्याचा आवाज फार मोठा होतो, त्यात बोललेलं ऐकू येत नाही. सगळ्या ताटांवर नाव टाकून होईपर्यंत मी ते बंद केलं नाही. तोवर तो पिशव्या भरायला लागला होता.

चाचा हो म्हणाले नव्हते, संतोष. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.