मागून मारलेली हाक

फोन आला तेव्हा दुपारची जेवणं नुकतीच उरकली होती. इस्पितळातून माझ्या मोठ्या दिरांचा आवाज आला, "शोभा, संपलं गं..." मग म्हणाले, "अभय घरी आंघोळीला आलाय. त्याला तूच सांग. मला इथून कसं सांगता येणार?" अभय हा त्यांचा एकुलता एक मुलगा. त्याला फोनवरचं ऐकू येत नाही. समोर उभं राहून बोललेलंही तो कानापेक्षा डोळ्यांनी जास्त ऐकतो. वसईत आमच्या दोन्ही घरांची दारं समोरासमोर आहेत. मी त्यांचं दार ढकललं, तर तो आरशापुढे केस विंचरत होता. आरशात मी दिसले तसा वळला आणि नेहमीसारखा माझ्या ओठांकडे बघू लागला. मी तोंड उघडलं. एक शब्दही बाहेर पडला नव्हता. त्याने फणी खाली ठेवली, दोन पावलं पुढे आला आणि माझ्या तोंडावर आपला हात ठेवला... ते वाक्य पुरं होऊ नये म्हणून.

त्याची आई, माझ्या मोठ्या जाऊबाई सुमनताई, पाचूबंदरच्या बालवाडीच्या बाई म्हणून वसईत बऱ्याच जणांना माहीत होत्या. त्यांना जाऊन दीड महिना होत आला. मेंदूत रक्तस्राव झाला, आठवडाभर त्या इस्पितळात होत्या, आणि त्या आठवड्यात एकदाही बोलल्या नाहीत. आयुष्यभर मुलांना बोलतं करायला धडपडलेली बाई शेवटी एक शब्द न बोलता गेली, हे अजून माझ्या पचनी पडत नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा सगळं कुटुंब परळला दोन खोल्यांत राहत होतं. ताई एका कचेरीत टायपिस्ट होत्या. अभय तेव्हा दोन वर्षांचा, गोरागोमटा, हसरा. बोलत मात्र नव्हता. सासूबाई म्हणायच्या, "याचे आजोबासुद्धा उशिराच बोलले. मुलगे आळशी असतात." ढोल वाजला, दार आपटलं की अभय दचकायचा, म्हणून ऐकू येत नसेल अशी शंकासुद्धा कुणाला आली नाही. तीन वर्षांचा झाल्यावर त्याला गल्लीतल्या बालवाडीत घातलं. एक बाई, एक मदतनीस आणि खोलीभर मुलं. मुलं कोरसमध्ये कविता म्हणत, हाही तोंड हलवी. बाई सांगायच्या, "फार शांत आहे हो तुमचा मुलगा, अजिबात त्रास नाही." ताई घरी येऊन ते कौतुकाने सांगायच्या. एवढ्या गर्दीत जो त्रास देत नाही त्याच्याकडे बघायला वेळ कुणाला असणार? दोन वर्षं तो तिथे जाऊन बसला आणि ज्या शब्दांनी मुलाचं डोकं भरायचं, त्यातला एकही त्याच्यापर्यंत पोचला नाही. पहिलीत गेल्यावर मास्तरांनी निरोप पाठवला, मुलगा मंद आहे, याला दुसरीकडे घाला. तेव्हा कुठे डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. मी ताईंबरोबर गेले होते. डॉक्टर भला माणूस होता, सावकाश बोलत होता. म्हणाला, "बुद्धी उत्तम आहे. ऐकू फार कमी येतंय. यंत्र देऊ, शिकवू. पण बोलणं यायची जी वर्षं असतात ना, ती बरीचशी हातातून गेली आहेत." ताईंनी विचारलं, "ती परत नाही आणता येत?" असा वेडा प्रश्न त्या कधी विचारत नसत. डॉक्टरांनी नाही म्हणून मान हलवली.

मग सुरू झाली ती मेहनत. अभयच्या छातीवर डबीएवढं यंत्र, त्यातून कानापर्यंत वायर. चाळीतली पोरं त्याला रेडिओ म्हणायची. रोज कचेरीतून आल्यावर ताई त्याचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून एकेक अक्षर म्हणायच्या आणि घशातली थरथर त्याच्या बोटांना कळेपर्यंत म्हणत राहायच्या. तो बोलू लागला. पण ते बोलणं आम्हा घरच्यांनाच कळायचं. एकदा रस्त्यावर कुणाला तरी पत्ता सांगायला गेला आणि ते लोक हसले. त्यानंतर घराबाहेर त्याने तोंड उघडणंच सोडलं. पुढे खास मुलांच्या शाळेत शिकला, हाताचं काम शिकला, आता वालीवच्या एका कारखान्यात लेथवर आहे. कामात इतका सफाईदार की मालक त्याला सोडायला तयार नाही. ताईंना त्याचा अभिमान होता. पण कधी कधी तो जेवत असताना त्या त्याच्याकडे बघत बसायच्या, आणि त्या वेळी त्यांच्या मनात काय चाललंय ते मला न विचारता कळायचं.

नव्वदीच्या सुरुवातीला दोघा भावांनी वसईत फ्लॅट घेतले. इकडे आल्यावर ताईंनी नोकरी सोडली आणि बालशिक्षणाच्या वर्गाला नाव घातलं. चाळिशी जवळ आलेली, बरोबरच्या मुली विशीतल्या. दीर म्हणाले, "या वयात पोरांबरोबर बडबडगीतं म्हणणार तू?" ताई म्हणाल्या, "म्हणेन की. आणि म्हणताना एकेकाकडे बघेन."

आम्ही दोघी मासळी आणायला पाचूबंदरला जायचो. लिलावाच्या गडबडीत तान्ह्यापेक्षा जरा मोठी पोरं टोपल्यांच्या आडोशाला बसलेली असायची, आणि त्यांना सांभाळायला सात-आठ वर्षांच्या बहिणी, शाळा बुडवून. ताईंची नजर माशांवर कमी आणि त्या पोरांवर जास्त. ज्यांच्याकडे आम्ही नेहमी मासळी घ्यायचो त्या फिलूबायना त्यांनी एके दिवशी विचारलं, इथे एखादी खोली मिळेल का? फिलूबायनी चार घरी शब्द टाकला आणि जुनी जाळी ठेवायची एक खोली मिळाली. आम्ही ती धुतली, पुन्हा धुतली, तरी तिचा वास काही गेला नाही. मुलांना मात्र तो घरचाच वास होता, ती पहिल्याच दिवशी रुळली.

ताईंचा एक हट्ट होता. एका बाईच्या नजरेत मावतील तेवढीच मुलं. जास्त घ्यायची तर दुसरी शिकलेली बाई हवी. लोकांना हे पटायचं नाही. बसवा की अजून चार, जमिनीवर तर बसायचंय, असं म्हणायचे. काही आयाबाप, "नवीन इमारतींतल्या नर्सरीत पोरं एबीसीडी लिहितात, तुम्ही नुसतं खेळवता," म्हणून भांडून गेले, आणि तीन-चार मुलं काढूनही नेली. ताईंना त्याचा त्रास व्हायचा, पण तीन वर्षांच्या मुलाच्या हातात त्यांनी पेन्सिल कोंबली नाही.

त्या सुमारास एक बिल्डर बालवाडी बघायला आले. देणगी द्यायची इच्छा होती त्यांची. म्हणाले, "बाई, बाहेर एक छान कमान बांधून देतो. रंगीत, कार्टून वगैरे काढलेली." ताई म्हणाल्या, "कमान नको, एका बाईचा पगार द्या."

"पगार दिसत नाही हो कुणाला."

"तुम्ही इमारतीचा पाया भरता, तो तरी कुणाला दिसतो? तिथे तुम्ही सिमेंट वाचवता का?"

ते हसले. "तिथे वाचवलं तर वर काहीच टिकणार नाही."

"मग माझंही तेच म्हणणं आहे," ताई म्हणाल्या. "पुढे शाळा, शिकवण्या, कॉलेज, सगळीकडे लोक पैसा ओततात. खाली मात्र कुणी बघत नाही. माझ्या घरी या एकदा, पाया राहून गेला की काय होतं ते दाखवते." हे शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडून नकळत गेलं असावं, कारण त्यांनी लगेच मुलांकडे तोंड फिरवलं. त्या गृहस्थांनी वर्षभर पगार दिला. मग तो येईनासा झाला. दुसरी बाई गेली, आणि ताईंनी एका सकाळी माझ्याकडे पाहिलं. माझी मुलं तोवर मोठी झाली होती. मीही बालशिक्षणाचा तो वर्ग पुरा केला आणि त्यांच्याबरोबर जाऊ लागले.

नवीन मूल आलं की पहिल्या आठवड्यात ताई त्याच्या पाठीमागे जाऊन हळू आवाजात त्याला नावाने हाक मारायच्या. मूल वळलं की हसून म्हणायच्या, "काही नाही रे, खेळ." फिलूबायची नात सेलीन आली तेव्हा ती तीन वर्षांची होती. ताईंनी हाक मारली, सेलीन ठोकळे रचत राहिली. पुन्हा मारली. मग जरा मोठ्याने. सेलीनने एकावर एक ठोकळा ठेवला आणि समोर बसलेल्या माझ्याकडे बघून हसली. ताईंचा चेहरा मी त्या वेळी पाहिला. असा चेहरा मी त्याआधी फक्त त्या डॉक्टरांच्या खोलीत पाहिला होता.

सेलीनला ऐकू कमी येतं हे फिलूबायना पटेना. "आयकते ती. मस्ती करते." सेलीनचा बाप तर चिडलाच, "मुलीला यंत्र लावू? उद्या तिला बायको कोन करनार?" ताई दोनदा गेल्या, तीनदा गेल्या, तेच उत्तर. मग त्यांनी जे केलं ते त्यांनी पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही. एका सुट्टीच्या दिवशी त्या अभयला घेऊन तिथे गेल्या. मी बरोबर होते. अंगणात माणसं जमली होती. ताईंनी अभयला समोर उभं केलं आणि म्हणाल्या, "तुझं नाव सांग. कुठे काम करतोस ते सांग." अभय त्यांच्याकडे बघतच राहिला. एकोणीस-वीस वर्षांचा तरणा मुलगा, घराबाहेर कधी न बोलणारा. पण आईने सांगितलं म्हणून तो बोलला. ते जाड, घशात अडकलेले शब्द कुणालाच कळले नाहीत. कुणी खाली बघितलं, कुणी समुद्राकडे. ताई म्हणाल्या, "हा माझा मुलगा. डोक्याने कुणापेक्षा कमी नाही. याच्याकडे वेळेवर कुणी बघितलं नाही, मीसुद्धा नाही. तुमच्या हातात अजून वेळ आहे." फिलूबायनी पदर तोंडाला लावला. सेलीनच्या बापाने होकाराची मान डोलावली.

घरी येताना रिक्षात अभय आमच्याकडे पाठ करून बसला. त्याच्याशी बोलायचं तर तो आपल्याकडे बघायला हवा... तो बघायलाच तयार नव्हता. कितीतरी दिवस तो आईकडे बघत नव्हता. ताई स्वयंपाकघरात माझ्यापाशी रडल्या. "एकीचं बोलणं वाचवायला मी माझ्या मुलाची अब्रू काढली गं." दोन्ही खरं होतं.

सेलीनला यंत्र मिळालं. मुंबईला बोलणं शिकवायला न्यायच्या वेळी पुष्कळदा ताईच बरोबर असायच्या. वर्ष होत आलं असेल, एके दिवशी मधल्या सुट्टीत ती माठाजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "पानी." स्पष्ट, कोवळं. पाहुणी म्हणून आलेली एक शिक्षिका म्हणाली, "पाणी म्हणायला शिकवा ना." ताई रडत होत्या आणि हसतही होत्या. "थांबा हो," म्हणाल्या, "आधी तिला तिच्या घरचं पानी पिऊ दे." आज सेलीन गावातल्या साध्या शाळेत, सगळ्या मुलांबरोबर शिकते आणि वर्गात बडबडते म्हणून बोलणी खाते. ताईंना शेवटचं न्यायला निघालो तेव्हा ती जिन्यात उभी होती. मोठ्याने रडत होती. तिचं ते रडणं सगळ्या इमारतीला ऐकू गेलं. शेजारी उभ्या असलेल्या अभयला तेवढं ऐकू आलं नाही.

बालवाडी बंद करायची का, असं काहींनी मला विचारलं. मी पंधरा दिवसांनी जाऊन कुलूप उघडलं. एकटीला झेपत नाही. ताई हे सगळं इतकी वर्षं कशा बघत होत्या, ते आता कळतं. गेल्या आठवड्यात खिडकीचं एक दार निखळलं म्हणून अभय सुट्टीच्या दिवशी दुरुस्तीला आला. त्या अंगणातल्या प्रसंगानंतर इतक्या वर्षांत तो पाचूबंदरला पाऊल टाकत नव्हता. तो पाठ करून बिजागरी बसवत होता. चार वर्षांची एक मुलगी त्याच्या मागे जाऊन काहीतरी विचारत राहिली. तो वळेना, तशी ती सरळ त्याच्यापुढे गेली, खिडकीच्या कट्ट्यावर चढली आणि त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हणाली, "बाई कधी येनार?"

अभयने ते वाचलं. मी मध्ये पडणार होते... पण त्याने हातातला पेचकस खाली ठेवला आणि सगळ्या मुलांसमोर, त्याच्या त्या जाड आवाजात म्हणाला, "नाही येणार."

मुलं हसली नाहीत. त्या मुलीने थोडा विचार केला आणि विचारलं, "मंग तू येशील?"

त्याने उत्तरासाठी माझ्याकडे पाहिलं, माझ्या ओठांकडे.