न वळणारा चेंडू

त्या आठवड्यात मायदेशातली कसोटी आपण फिरकीपुढं हरत होतो आणि मी टीव्हीशी भांडत होतो. फलंदाज पुढं यायचा, पण अर्धाच. हात ताठ, बॅट पॅडच्या पुढं, आणि चेंडू कड घेऊन जवळच्या क्षेत्ररक्षकाच्या ओंजळीत. एकामागून एक सगळे तसेच. "इतके प्रशिक्षक ठेवलेत, ते करतात काय?" मी ओरडलो. अंबडला मी क्रिकेटचा वर्ग चालवतो, म्हणून असं विचारायचा आपल्याला हक्क आहे असं वाटायचं.

बायको म्हणाली, "तुम्ही तरी काय शिकवून राह्यले? तुमची पोरं नुसते छक्के मारतेत."

मी टीव्हीचा आवाज वाढवला.

चार दिवसांनी जालन्याला मुलींची निवड चाचणी होती. माझी सगळ्यात चांगली फलंदाज सोळा वर्षांची. ती अंकुशनगरहून यायची. वडील साखर कारखान्यात फिटर. वेगवान गोलंदाजीवर तिनं दोन चौकार असे मारले की बाकीच्या मुली सराव थांबवून बघायला लागल्या. मग एक किडकिडीत ऑफस्पिनर आली. पहिल्याच चेंडूवर आमची पोरगी अर्धी पुढं आली आणि झेल देऊन बसली. "आणखी खेळ," निवड समितीतले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले. पुन्हा झेल. तिसरा चेंडू बॅट आणि पॅडच्या फटीतून आत शिरला.

"हिला शिकवलं कुणी?" ते इकडंतिकडं बघत म्हणाले.

मी बुटाची नाडी बांधायला वाकलो.

परतताना आम्ही एकाच बसमध्ये होतो; तिला पुढं अंकुशनगरला जायचं होतं. अंबडला मी उतरायला उठलो तेव्हा ती म्हणाली, "सर, तुम्ही का न्हाई सांगितलं, मी शिकवलं म्हणून?"

मी परत बसलो. बस सुटली.

"आपली खेळपट्टी सिमेंटची," मी म्हणालो. "तिच्यावर चेंडू वळतच न्हाई. अन् छक्क्यांचे व्हिडिओ पाहून पालक खूश होतेत, म्हणून मी दुसरं काही शिकवलंच न्हाई. चूक माझी आहे."

ती म्हणाली, "मंग आता?"

आम्ही सिमेंटशेजारी जागा खणली. तिच्या वडिलांनी भावाच्या शेतातली काळी माती ट्रॉली भरून आणली. पंधरा दिवस रोलर फिरवला. चेंडू वळायला लागला तेव्हा मला कळलं, यावर कसं खेळायचं ते मलाही धड येत नाही. वडीगोद्रीला एक निवृत्त क्रीडाशिक्षक राहतात, डावखुरे फिरकीपटू. त्यांच्याकडं दर रविवारी जायला लागलो, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी पॅड बांधून. इकडं पालक कुरकुरत होते. "पोरगं दीड तास नुसतं चेंडू अडवून राह्यलं, हे काय शिकणं झालं?" नऊ जण वर्ग सोडून गेले.

पुढच्या चाचणीत ती फिरकीपुढं एकदाही बाद झाली नाही. पण धावाच निघाल्या नाहीत. तिला राखीव म्हणून घेतलं. वडिलांनी पेढे वाटले.

काल सरावात तिला गुडघ्याच्या उंचीवर, टप्पाच न पडलेला फुलटॉस मिळाला. कुणीही सीमेबाहेर भिरकावला असता. तिनं पाय पूर्ण पुढं टाकला, हात सैल ठेवले आणि तो चेंडू पायाशी अडवला. मग शाबासकीसाठी माझ्याकडं बघितलं. मी चेंडू उचलून पुन्हा तसाच टाकायला गेलो आणि म्हणालो, "हा वळत न्हाई, हा मार."