निमरुदच्या भिंतीपुढे विनीता

अमेरिकेतल्या पिस्कॅटवेच्या मराठी मंडळात दिगंबरकाका माइककडे निघाले की मागच्या रांगेत हमखास कुजबूज व्हायची, ''झालं! आता निमरुद. यार, जेवण गार होणार.'' काकांचं पहिलं वाक्य तर सगळ्यांना घसा खाकरण्यासकट पाठ होतं, ''अ‍ॅहॅम! तर मंडळी, एटी-टूमध्ये मी मोसूलला सिमेंट फॅक्टरीत होतो...''

मोसूलपासून निमरुद जवळच. जवळजवळ तीन हजार वर्षांपूर्वीची असिरियन राजांची राजधानी. दारात माणसाच्या तोंडाचे, पंखवाले दगडी बैल. आत भिंतीभर कोरलेले राजे आणि पंखवाले देव. लग्नाला वर्षही न झालेली विनीता आणि गळ्यात कॅमेरा, अशी काकांची दर सुट्टीची स्वारी तिथे.

पुढे अमेरिका आली, अनिका झाली, घर झालं. दोन हजार पंधरा साली अतिरेक्यांनी तो राजवाडा सुरुंग लावून उडवला. टीव्हीवर धुळीचा लोट बघताना काकांच्या हातातला घास हातातच राहिला. त्यानंतर चार वर्षांनी विनीताही गेली.

मग या वसंतात अबोली आली. पुण्याची, इथल्या विद्यापीठात रिसर्च करणारी. जुन्या प्रवाशांच्या फोटोंवरून कंप्युटरवर तो राजवाडा पुन्हा उभा करायचा, हे तिचं काम. काकांनी उत्साहाने अकरा फोटो डायनिंग टेबलवर मांडले. अबोलीचा चेहरा एकेका फोटोगणिक उतरत गेला.

अकराच्या अकरा फोटोंत मधोमध विनीता. अंबाडा, खांद्यावरून पदर, हातात पर्स.

''काका, काकू जरा बाजूला आहेत असा एकही नाही?''

''ती म्हणायची गं, 'अहो, मी कडेला राहते, भिंत दिसू दे.' मीच ओरडायचो, 'मधे ये, मधे! दगड कुठे पळून जातोय?'''

अबोली हसली नाही. तिने एक फोटो उचलला. ''ही भिंत दुसऱ्या कुणाच्याच फोटोत नाहीये. स्कॅन करून घेऊ? सॉफ्टवेअर पुढची माणसं काढून टाकतं, मग...''

काकांनी फोटो तिच्या हातातून घेतला, बाकीचे गोळा केले आणि पाकिटात घातले. ''चहा घेणार का?'' म्हणाले. म्हणजे नाही.

संध्याकाळी अनिकाचा डॅलसहून फोन. ''बाबा, इट्स जस्ट अ स्कॅन! ओरिजिनल तुमच्याकडेच राहणार ना? आई इज नॉट गोइंग एनीव्हेअर.''

काकांनी फोन ठेवला. असंच काहीतरी आपणही एकदा कॅमेऱ्याआडून म्हणालो होतो.

तीन आठवडे पाकीट टेबलवर पडून राहिलं. बाहेर पाऊस चिकटल्यासारखा लागून राहिलेला. काका जेवायचे, पाकिटाकडे बघायचे, ताट विसळायचे. एका सकाळी ते उठले आणि स्वतः ड्राइव्ह करत विद्यापीठात गेले. पाकीट अबोलीपुढे ठेवून म्हणाले, ''भिंत दिसू दे, असं तिचंच म्हणणं होतं.''

महिन्याने अबोलीने बोलावलं. स्क्रीनवर राजवाडा उभा होता. माउस सरकवला की दालनामागून दालन. काका खुर्चीच्या कडेवर बसून ''हां, इथून डावीकडे... हां'' करत होते. मग ती भिंत आली. एका बाजूला दगडी पंख, दुसऱ्या बाजूला छोटी बादली धरलेला हात. मधे काहीच नाही. नुसता करडा आकार. अंबाडा, पदर, पर्स.

''सॉरी काका. काकूंच्या मागचं काहीच मिळालं नाही. अंदाजाने भरता येईल, पण ते खोटं होईल.''

''नको. राहू दे.''

काकांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि स्क्रीनच्या अगदी जवळ वाकले. खूप वेळ बघत राहिले.

''बाजूला हो गं जराशी,'' ते हळूच म्हणाले.

आपल्यालाच सांगताहेत असं वाटून अबोलीने खुर्ची मागे सरकवली.