खोक्याच्या झाकणावरचं चौथं नाव

हे लिहायचं मी आजवर टाळलं. आमच्या औषध विक्रेता संघटनेच्या स्मरणिकांत माझे दोन लेख आले, सत्कारांच्या वेळी भाषणं झाली. प्रत्येक वेळी ही एक गोष्ट वगळून बाकी सगळं सांगितलं. जे सांगितलं ते खोटं नव्हतं. पण आता पंच्याहत्तरी ओलांडली, दुकान सून बघते, आणि माझ्यामागे ही गोष्ट माहीत असणारं कोणी राहणार नाही.

माझं दुकान कराडला लागून, मलकापुरात. तालुका संघटनेचा मी बरीच वर्षं सेक्रेटरी होतो. बाहेरच्यांना वाटतं, व्यापाऱ्यांची संघटना म्हणजे हारतुरे आणि बंद. खेड्यातल्या औषधाच्या दुकानदाराला विचारा. तो एकटा असतो, आणि समोर कंपन्या, घाऊक विक्रेते, सरकारी खातं, सारखे बदलणारे नियम. परवान्याचे अर्ज कागदावरून कॉम्प्युटरवर गेले, तेव्हा कितीतरी रविवार आम्ही माझ्या दुकानाच्या माडीवर बसून गावोगावच्या दुकानदारांचे अर्ज भरून दिले. एकाचंही दुकान त्या पायी बंद पडू दिलं नाही.

आणि आमची फोनची साखळी. एखादं औषध आपल्याकडे नसलं की साखळीत विचारायचं. ज्याच्याकडे असेल तो पुडकं बांधून एसटीच्या ड्रायव्हरच्या हातात देणार. एकदा वाईच्या दुकानातून निघालेल्या फिटच्या गोळ्या साताऱ्याला गाडी बदलून दुपारच्या जेवणाआधी आमच्याकडे पोचल्या होत्या. शहरातल्या चकचकीत दुकानांना हे जमत नाही. त्यांचा ड्रायव्हर ओळखीचा नसतो. या साखळीचा मला आजही अभिमान आहे, आणि माझा गुन्हाही तिच्याशीच बांधलेला आहे.

ऑनलाइन औषधविक्रीच्या विरोधात बंद होता. बंदच्या दिवशीही तालुक्याच्या चार दिशांना एकेक दुकान अडल्यानडल्या रुग्णासाठी उघडं ठेवायचा आमचा रिवाज होता. त्याची यादी सेक्रेटरीने करायची, एक प्रत पोलिस ठाण्यात द्यायची आणि एक सभासदांना पाठवायची. चौघांनाही मीच फोन केले. चौथं दुकान विट्याच्या रस्त्यावरच्या एका गावातलं. दुकानदार माझ्याहून थोडे मोठे, मी त्यांना आप्पा म्हणायचो.

"आप्पा, उद्या तुम्ही उघडं ठेवा."

"ठिवतो की. पर उद्या आपलीच मानसं दगड घेऊन आली तर?"

"यादीत नाव असतंय. कोण येतंय?"

"मग घाला चांगलं ठळक."

आम्हा केमिस्टांची एक खोड आहे. शेजारी कोरी वही असली तरी लिहायचं ते औषधाच्या खोक्याच्या फाडलेल्या झाकणावर. माझं झाकण खोकल्याच्या औषधाच्या खोक्याचं होतं. कोऱ्या बाजूला तीन नावं मावली, चौथं उलटून छापील बाजूच्या कडेला लिहिलं. पक्की यादी करताना मी झाकण उलटलंच नाही.

बंदच्या दिवशी कोणीतरी आप्पांच्या उघड्या दुकानाचा फोटो काढून सगळ्यांना पाठवला. 'बंद फोडणारा' असं खाली लिहिलं होतं. मी यादी पाहिली, तिच्यात नाव नव्हतं. मला फोन केल्याचं आठवत होतं, पण कागद म्हणत होता नाही. मी कागदावर विश्वास ठेवला. खरं सांगायचं तर, तो ठेवणं सोयीचं होतं.

या फोटोवरून संघटनेची सभा बोलावली गेली. सभेच्या दिवशी सकाळी शर्ट धुवायला टाकताना खिशातून ते झाकण निघालं. उलटून पाहिलं. ते पुन्हा खिशात ठेवूनच मी सभेला गेलो, सांगायचं ठरवून गेलो. पण सुरुवातीलाच अध्यक्ष म्हणाले, "आपल्या सेक्रेटरींच्या यादीत आजवर चूक निघालेली नाही." टाळ्या पडल्या. मग आप्पांना उभं केलं.

"मला फोन आला हुता," आप्पा म्हणाले.

"कोणाचा?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या कपात पाहिलं.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "दुकान माझंच हुतं, उघडलं मीच."

मागून कोणीतरी ओरडलं, "एका दिवसाच्या गल्ल्यासाठी इमान इकलं व्हय आप्पा!" लोक हसले. वर्षभर त्यांचं नाव साखळीतून कमी करायचा ठराव झाला. तो मी माझ्या हस्ताक्षरात लिहिला, झाकण खिशात असताना.

त्यांनी माझं नाव का घेतलं नाही? मागे त्यांचा परवाना अडकला होता, तेव्हा मी दोन दिवस साताऱ्याच्या कचेरीत त्यांच्या शेजारी बसून होतो. ते त्यांनी लक्षात ठेवलं असावं. त्या वर्षी त्यांनी साखळीत एकही औषध मागितलं नाही, मागता येतच नव्हतं. इन्सुलिन लागलं की बर्फाचा डबा मोटारसायकलला बांधून स्वतः कराडला यायचे. माझ्या दुकानासमोरूनच जायचे आणि जाताना हात करायचे.

वर्ष पुरं व्हायच्या आत सांगलीला महापूर आला. पाणी ओसरल्यावर आम्ही गेलो तेव्हा औषधांच्या दुकानांत फ्रिज आडवे पडलेले, गोळ्यांच्या पट्ट्यांवर गाळाचा थर. एकेका तालुक्याने सांगलीतलं एकेक दुकान वाटून घेतलं. संघटना काय असते ते मी त्या चार दिवसांत पाहिलं. एरवी गिऱ्हाइकावरून भांडणारे दुकानदार दुसऱ्याच्या दुकानातला चिखल फावड्याने ओढत होते. भिजलेलं औषध पुन्हा बाजारात जाऊ नये म्हणून प्रत्येक पट्टीवरचा बॅच नंबर लिहायचा, ती यादी निरीक्षकांना द्यायची, मगच माल नष्ट करायचा.

दुसऱ्या दिवशी आप्पा आले. त्यांना बोलावलं नव्हतं. टेम्पोत पाण्याचं पिंप आणि द्राक्षबागेच्या फवारणीचा पंप. आमच्यातला एक जण पुटपुटला, "यांना कोणी बोलावलं?"

"पुरानं तरी कुणाला इचारलं हुतं, गड्या?" आप्पा म्हणाले आणि पंप सुरू केला. अर्ध्या तासात फळ्यांचा मूळ रंग दिसला.

मग ते माझ्या शेजारी बसले. ते पट्टीवरचा गाळ अंगठ्याने पुसून नंबर वाचायचे, मी लिहायचो. या वेळी वहीत. दुकानाचे मालक पायरीवर बसून नुसते बघत होते. आमचं हे दुपारभर चाललं. मध्येच आप्पा थांबले.

"सेक्रेटरी, समदं घेतलंसा का? न्हाईतर एखादं ऱ्हायचं मागल्या अंगाला."

माझा पेन थांबला. त्यांनी झाकण पाहिलेलं नव्हतं. त्यांना इतकंच ठाऊक होतं की नाव माझ्याकडून राहिलं. तोंडावर राग नव्हता, मिशीत थोडं हसू होतं. सांगायला याहून मोकळी जागा मिळाली नसती.

"घेतलं," मी म्हणालो.

"मग झालं."

चौथ्या दिवशी ते दुकान उघडलं. साताऱ्याच्या, कराडच्या, वाईच्या दुकानांतून आलेला माल फळ्यांवर लागला होता. पहिली आली ती ब्लडप्रेशरची गोळी मागणारी एक म्हातारी. मालकांनी गोळी दिली आणि पाठ फिरवून डोळे पुसले. उभ्या आयुष्यात मला माझ्या धंद्याचा इतका अभिमान कधी वाटला नाही.

पुढे सांगलीतच सत्कार झाला. तालुक्याच्या वतीने शाल माझ्या खांद्यावर आली. आप्पा शेवटच्या रांगेत उभे राहून टाळ्या वाजवत होते. परतल्यावर त्यांचं नाव साखळीत घ्यायचा ठराव मीच मांडला. तेव्हाही मी काय लिहिलं? 'पूरकाळातील सेवा पाहून शिक्षा माफ करण्यात यावी.' शिक्षाच चुकीची होती, हे लिहिलं नाही. म्हणजे इतिवृत्तात आप्पा आजही गुन्हेगार आहेत, माफ झालेले.

एकदा ते झाकण घेऊन मी विट्याच्या एसटीत बसलो. वाटेत वाक्य घोकत गेलो. आप्पांनी चहा मागवला, नवा फ्रिज दाखवला, मुलगी आता फार्मसी शिकून दुकानात बसते ते सांगितलं. "बोला सेक्रेटरी, काय काम काढलं?" मी म्हणालो, खोकला झालाय. त्यांनी बाटली दिली. तीच, जिच्या खोक्याचं झाकण माझ्या खिशात होतं आणि जिचे खोकेच्या खोके माझ्या दुकानात पडून होते. ती घेऊन मी घरी आलो.

दोन वर्षांपूर्वी आप्पा गेले. शोकसभेत मी फवारणीच्या पंपाबद्दल बोललो, लोकांना ते आवडलं. त्यांची मुलगी आज आमच्या साखळीत आहे, आणि औषध मागितलं की सगळ्यांत आधी तिचा फोन येतो. हा लिहिलेला कागद मी तिला आणि नव्या सेक्रेटरींना देणार आहे. इतिवृत्तात काय दुरुस्त करायचं ते त्यांनी ठरवावं.

एसटीत घोकलेलं वाक्य मोठं नव्हतं. "आप्पा, फोन मीच केला होता. तुमचं नाव माझ्याच हातून राहिलं, आणि सभेत मला ते माहीत होतं. मला माफ करा."