मंडईतला वन्समोर

चंद्रपूरला गाडीतून उतरलो तेव्हा अनिरुद्धच्या टी-शर्टवर ‘सर्वांना सोबत घेऊ या’ असं छापलेलं होतं आणि दोघांच्याही बॅगा माझ्या खांद्यावर होत्या.

अनिरुद्ध अपंगांच्या आयुष्यावर माहितीपट काढतो आणि पुण्यात बक्षिसं घेतो. नव्या माहितीपटाची नायिका शबानाबाई मूल शहराजवळच्या एका गावात शिवणकाम करते. लहानपणी पोलिओने तिचे पाय गेले. आता तो माहितीपट तिच्याच गावात दाखवायचा होता, आणि सबटायटल्स लिहिणारा म्हणून मलाही थोडं पुण्य लाभावं अशी त्याची इच्छा होती.

स्टेशनबाहेर तर्रीपोहे (पोह्यांवर चण्याचा झणझणीत रस्सा) खाल्ले. अनिरुद्धने तर्री नको म्हटलं. पोहेवाल्याने त्याच्याकडे जेवढ्या दयेने पाहिलं, तेवढी दया त्याच्या माहितीपटांतही नसते.

मूलचा रस्ता जंगलातून जातो. दोन्ही बाजूंना साग, मध्येच वाघापासून सावध राहण्याची पाटी आणि पाटीखाली निवांत चरणारी गुरं. वाटेत आमच्या भाड्याच्या गाडीचा टायर बसला. ड्रायव्हर चाक बदलत होता, तोवर अनिरुद्ध मला संवेदनशीलता समजावून सांगत होता.

गावात मंडई (दिवाळीनंतरची जत्रा) होती. मंडई म्हटली की नाटक आलंच. त्याच मंडपात, नाटकाआधी आमचा माहितीपट होता. ऑटोवरचा भोंगा गावभर फिरत होता, “रडवणारा, हसवणारा, आपल्या शबानाबाईचा खरा सिनेमा!” माहितीपट हसवत नाही, असं अनिरुद्धचं म्हणणं पडलं.

शबानाबाई तीनचाकी सायकलचं हँडल हाताने फिरवत समोर आली.

“भाऊ, थो सरपटायचा सीन काढून टाका.”

त्या दृश्यात ती चिखलातून हातांवर सरपटत दुकानाकडे जाते. तेवढा तुकडा आधीच गावातल्या फोनांवर फिरला होता.

“तवापासून बाया कपडा नाई, केळी आणून राह्यल्या,” ती म्हणाली. “लगीनसराई तोंडावर आली. मी ब्लाऊज शिवतो. केळी शिवू काय? अन् मी कवा सरपटतो? सायकल तर शूटिंगच्या वक्ती तुम्हीच जीपमांगं नेऊन ठेवली.”

“ताई, तो फिल्मचा आत्मा आहे.”

“आत्मा तुमचा, धंदा माहा.”

मला हसू आलं, पण तिचा चेहरा पाहून ते जिरलं. तिचं पोट त्या शिलाईवर होतं. अनिरुद्धने मात्र आत्मा सोडला नाही.

दिवेलागणीला मंडप भरला. प्रेक्षकांचे अश्रू टिपायला अनिरुद्धने कॅमेरा लावून ठेवला. सरपटण्याचं दृश्य आलं, करुण संगीत सुरू झालं आणि पुढून आवाज आला, “वन्समोर.” झाडीपट्टीत, म्हणजे या जंगलपट्ट्यात, नाटकातलं पद रंगलं की वन्समोर मागतात आणि तो द्यावाच लागतो. अनिरुद्धचे डोळे भरून आले. त्याने दृश्य पुन्हा लावलं.

“आणखी एकदा. पर हळू,” पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली. त्याने हळू लावलं.

“थांबवा भाऊ. जीपमांगं थे शबानाची सायकल नाई काय?”

होतीच. अर्धं चाक आणि लाल हँडल जीपमागून बाहेर डोकावत होतं. अख्ख्या मंडपाने माना पुढे काढून पाहिलं.

“मंग बाई चिखलात काऊन?”

“थे यायले इचारा,” कडेला सायकलवर बसलेली शबानाबाई म्हणाली.

मंडपात असा हशा उसळला की पुढचं काही ऐकू आलं नाही. समावेशनावर बोलायला हातात घेतलेला माईक अनिरुद्धने बंद केला.

दिवे लागल्यावर एक बाई उठून शबानाबाईकडे आली. “उद्या पोरीचे ब्लाऊज टाकतो तुह्याकडं. पर मांगच्या वक्ती बाही तंग केली होती तू.”

“तुह्या पोरीचा दंड सुटला, थ्याले मी काय करू?”

मग दोघींचं जे जुंपलं, ते नाटकाची घंटा झाली तरी थांबेना. शबानाबाईला इतकं खुशीत मी दिवसभरात पाहिलं नव्हतं. मलाही फार बरं वाटलं.

परतीच्या वाटेवर मूल मागे पडल्यावर अनिरुद्ध म्हणाला, “ते दृश्य काढावं लागेल. पण मग उरतं काय?”

“बाहीवरचं भांडण,” मी म्हणालो. “दिवसभरात तिच्याशी बरोबरीने वागलेलं तेवढंच एक माणूस मी पाहिलं. ते घेतलंस ना?”

कॅमेरा त्याने पहिल्या हशालाच बॅगेत टाकला होता.