हात जसे आहेत तसे

"कार्ड चालते का?"

दवाखाना कोणताही असो, मावशीचं पहिलं वाक्य हेच. ना नाव, ना दुखणं. आधी पोलक्यातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं सरकारी विम्याचं कार्ड निघायचं आणि दोन्ही तळव्यांमध्ये धरून खिडकीतून आत सरकायचं. तळव्यांमध्ये, कारण बोटांनी धरणं तिला जमत नव्हतं.

अशी एखादी भाजीवाली तुमच्याही गल्लीत येत असेल. वर्ध्याला लागून असलेल्या आमच्या पिपरी मेघेत ही रोज सकाळी टोपली घेऊन यायची. गावाबाहेर तिच्या घरचं छोटं वावर होतं, त्यातली मेथी, पालक, सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे बदलीवर आलेल्या आमच्या शेजारणीला तिने दहादा समजावलं होतं. तिच्या जुडीला कधी रबर नसायचं. केळीच्या सालीची ओली पट्टी, दोन वेढे, एक गाठ. "रबरानं पाला गुदमरते," म्हणायची.

एक दिवस ती जुडी माझ्या हातात येताच सुटली.

"मावशी, सैल बांधली आज."

"सकायी मूठच नाई वळत वो. तासभर बोटं अशी राह्यतात." तिने हात पुढे केले. बोटांचे सांधे सुजून चकचकत होते. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू बीए झाली ना? मंग मले डॉक्टर पाहून दे. कार्डवाला. गाठ बांधता आली पायजे, बस. बाकी काई नाई मांगत."

मी आमच्या खानदानातली पहिली पदवीधर. त्याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. मला वाटलं, दोन फोनांचं काम.

वर्ध्यात हाडांचे डॉक्टर पुष्कळ. तिघांकडे गेलो, तिघांनी एक्स-रे काढले, दुखण्याच्या गोळ्या दिल्या. तिसरा सरळ माणूस निघाला. म्हणाला, हे हाडाचं नाही, संधिवाताचा तज्ज्ञ पाहा, तो नागपूरला मिळेल. मी योजनेची यादी काढली, फोन लावत बसले. एक नंबर टायरच्या दुकानाचा निघाला. एका ठिकाणी कार्ड होतं तर तज्ज्ञ नव्हता. दुसरीकडे तज्ज्ञ होता, कार्ड नव्हतं. तिसरीकडची मुलगी म्हणाली, "कार्ड भरती झाल्यावरच चालतं, मॅडम."

"मंग करा म्हनावं भरती," मावशी.

"या दुखण्यात भरती करत नाहीत, मावशी."

"बाप्पा! म्हणजे मराले टेकलं त कार्ड चालते, रोजचं दुखलं त नाई?"

मी यादीतला पुढचा नंबर लावला. पुढचे कितीतरी आठवडे ती रोज दारात विचारायची, "भेटला का वो?" आणि मी मान हलवायची. शेवटी शेवटी तिची टोपली कोपऱ्यावर दिसली की मी आत जायला लागले. खरं तेच लिहिते.

आणि एकदाचा भेटला. नागपूरच्या एका दवाखान्यात, फक्त गुरुवारी बसणारा. सूज जोरात असेल तर एक दिवस भरती दाखवून इंजेक्शन कार्डावर देत होते. सुटी टाकून मी तिला घेऊन गेले. मावशी नवं लुगडं नेसून, केसांना तेल लावून आली. डॉक्टरांना तिने झकास नमस्कार केला. त्यांनी हात दाबून पाहिले. "सूज फारशी दिसत नाही. एवढ्या सुजेला इंजेक्शन कार्डावर बसणार नाही. तीन महिन्यांनी या."

मी चाट पडले. चार दिवसांआधी तर बोटं वांग्यासारखी होती!

परतीच्या बसमध्ये तिने स्वतःच सांगितलं. गावातल्या डॉक्टरकडून सुजेच्या गोळ्या आणून दोन दिवस खाल्ल्या होत्या. रात्री मिठाच्या गरम पाण्यात हात शेकले, पहाटे तेल चोळलं.

"काऊन, मावशी?"

"एवढा मोठा डॉक्टर. त्याच्यासमोर असे हात घेऊन जाव का? नमस्कार तरी नीट झाला पायजे."

"कार्ड दाखवता अन् हात लपवता!" मी बसमध्येच ओरडले. ती आधी हसली. मग दोन्ही हात पदराखाली घेतले. मला नंतर आठवलं, माझी आईसुद्धा दवाखान्यात जायचं तर ठेवणीतलं पातळ काढते. आमच्यात मोठ्या माणसासमोर कोणी दुखणं तसंच नेत नाही, धुऊन-पुसून नेतो. हे मला माहीत होतं. निघण्याआधी मीच विचारायला हवं होतं, आणि विचारलं नाही.

तीन महिन्यांनी ती गोळी न घेता आली. नमस्काराला बोटं जुळेनात, तर तिने नुसती मनगटं जुळवली. डॉक्टर उठून जवळ आले. "सूज आता थांबवू आपण, आजी. पण वाकलेली बोटं सरळ होणार नाहीत. असेच हात आधी आणायचे होते."

खिडकीवर कार्ड घेतलं. "चाललं वो माय!" ती मला म्हणाली, आणि कार्ड परत पोलक्यात घालता येईना म्हणून माझ्याकडे दिलं.

आता सूज उतरली आहे म्हणतात. पण मावशी गल्लीत येत नाही. तिची सून येते, रबर लावलेल्या जुड्या घेऊन. परवा तिने टोपलीच्या तळातून एक मेथीची जुडी वेगळी काढली.

"हे तुमची. बुढीनं सोता बांधली. दातानं."

केळीच्या सालीची पट्टी, दोन वेढे, एक गाठ. पट्टीवर दातांच्या बारीक खुणा होत्या. ती सोडायला माझी दहाही बोटं धडधाकट आहेत. मी सोडली नाही. एकेक काडी ओढून मेथी बाहेर काढली.