दोन खुर्च्यांचा कारकून

नव्वदीच्या दशकात जपानमधल्या कावासाकीजवळच्या आमच्या छोट्या शहरात नगरपालिका आणि शिक्षण मंडळ यांच्यात उत्तम सहकार्य होतं. म्हणजे दोन्हीकडे एकच कारकून होता. शेजारीशेजारी दोन खिडक्या, दोन खुर्च्या, दोन शिक्के आणि तो.

शाळेच्या जेवणात रोज मांस किंवा मासे. आम्ही शाकाहारी, म्हणून मुलीला घरचा डबा न्यायची परवानगी हवी होती. तोवर बिचारी नुसत्या पावावर राहत होती. माझा अर्ज वाचून त्याने दातांतून हवा आत ओढली.

"मुझुकाशी, जोशीसान."

म्हणजे अवघड आहे. आपल्याकडे 'अवघड आहे' म्हणजे पुन्हा या. तिथे त्याचा अर्थ सरळ 'नाही'. मला कुठे ठाऊक! मी रोज जात राहिले.

दहाव्या दिवशी त्याने पालिकेचा शिक्का मारला. "मंडळाला विचारतो," म्हणाला, उठून शेजारच्या खुर्चीत बसला आणि तोच अर्ज पहिल्यांदा पाहिल्यासारखा वाचू लागला. पुन्हा दातांतून हवा.

"अहो, आत्ताच तुम्ही हो म्हणालात ना?"

"ती पालिका," तो गंभीरपणे म्हणाला.

बऱ्याच वेळाने दुसरा शिक्का उमटला.

"पालिकेने फारच आग्रह धरला," तो म्हणाला आणि पालिकेच्या रिकाम्या खुर्चीपुढे कमरेत वाकला.

मग मीही वाकले.